गाडीला सोंड लावून पंचमीला निघालो

आमच्या शहरातून पिशोरला जायला दीड-दोन तास पुरतात. तिथून नदीपल्याड पोचायला मला एक वर्ष लागलं. तुमच्यापैकी फारसं कुणी तिकडं गेलं नसेल. वेरूळला येणारी माणसं लेणी बघतात, मक्याचं कणीस खातात अन् मागं फिरतात. पिशोर, त्याच्या पुढची अंजना नदी अन् नदीपल्याडची खापरवाडी कुणाच्या यादीत नसते. माझ्या यादीत आहे, कारण खापरवाडीला माझी लेक दिलेली आहे.

मी ठिबकचा फिटर. तीस वर्षं लोकांच्या रानात पाइप अंथरत आलो. एका जागी बसणं मला जमत नाही. लग्नातसुद्धा मी पंगतीत बसण्याऐवजी वाढायला उभा राहतो. बायको म्हणते, "तुमच्या पायाला भिंगरी हाय. देवानं बसायला दिलंय ते वाया गेलं." तिचं चूक नाही. हे लिहितानासुद्धा दोनदा उठून गच्चीवरची टाकी बघून आलो.

औरंगपुरा

आधी मागच्या वर्षीचं सांगतो, म्हणजे हा उपद्व्याप कशासाठी ते कळेल. आमच्याकडं नागपंचमीला लेक माहेरी येते. पण ती आपली आपण येत नाही, तिला आणायला माहेरचं माणूस जावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात आल्याशिवाय लेक पिशवी उचलत नाही, मग घर दोन कोसांवर का असेना. मला मुलगा नाही, तेव्हा मुराळी मीच.

मागच्या पंचमीला मी गेलो तर अंजनेच्या फरशी पुलावरून गुडघाभर पाणी चाललेलं. पल्याड माझी लेक मंगल उभी होती. हिरवं लुगडं, हातात पिशवी. मी पाच मिनिटं थांबलो. तिकडं फुलंब्रीला एका शेतकऱ्याची मोटार बसवायची खोळंबली होती. मी हॉर्न वाजवला, हात हलवून 'नाही जमत' असं दाखवलं अन् गाडी वळवली. दुसऱ्या दिवशी फोन केला, "पाणी लई होतं गं पोरी." ती म्हणाली, "व्हय आप्पा." त्यानंतर वर्षभर माझ्याशी तिचं बोलणं म्हणजे 'व्हय' अन् 'नाय'. आईशी तासभर बोलायची. मी फोन घेतला की दोन शब्द. माझ्या काळजाला ते फार लागलं होतं.

यंदा वैशाख लागताच बायकोनं बजावलं, "पोरीला घेऊनच या. मोकळी गाडी दारात आणू नका."

गाडी माझी जुनी फोर-बाय-फोर, लष्कराच्या लिलावातली. मागं पाइपांची बंडलं टाकली की काळ्या रानातल्या चिखलातूनही निघते. पण तिचं हवा घ्यायचं तोंड पुढच्या दिव्याच्या मागं, मांडीएवढ्या उंचीला. तिथवर पाणी आलं की इंजिन हवेऐवजी पाणी ओढणार अन् मरणार. मोबाइलवर एका परदेशी गाडीचा व्हिडिओ बघितला. तिच्या काचेच्या कडेनं एक नळी टपापर्यंत गेलेली, हवा वरून घ्यायची. ती गाडी छातीएवढ्या पाण्यातून गेली. मी उडालोच! नळी म्हणजे पाइप, अन् पाइप म्हणजे मी.

लगेच उठलो अन् शहरातल्याच औरंगपुऱ्यात सलीमभाईकडं गेलो. सलीमभाई पत्र्याचं काम करतात, ट्रंका अन् कूलरचे डबे. पंचवीस वर्षांची दोस्ती. मी स्कूटरवरूनच सगळं सांगितलं. ते हातातली कात्री खाली न ठेवता म्हणाले, "पहले उतरो तो सही मियाँ. बसा. चहा घ्या. मग सांगा."

"बसायला टाइम नाही. रविवारी बनवायचं."

एका रविवारचं काम दोन महिने चाललं. माझ्या गोदामातला तीन इंची पाइप घेतला. काचेच्या कडेला वळवायला तो गरम केला तर एकदा चपटा झाला, एकदा भोक पडलं. मग आत रेती भरून गरम केला, तेव्हा नीट वळला. इंजिनाच्या हवा घ्यायच्या डब्याला जोडायला जाड रबरी नळी लागत होती, ती त्याच बोळातल्या चौथ्या दुकानात सापडली. वरची टोपी सलीमभाईंनी पत्र्याची केली, तोंड मागच्या बाजूला, म्हणजे समोरचा पाऊस आत जायला नको. रंग दिल्यावर लांब उभे राहून म्हणाले, "हाथी की सोंड दिखती है." तेव्हापासून तिचं नाव सोंड.

एकच गोष्ट त्यांना पटली नाही. सोंडेच्या सगळ्यात खालच्या वळणाला मी एक तोंड ठेवलं अन् त्याला आट्यांचं टोपण बसवलं.

"पाणी अंदर नको म्हणता, अन् नीचेच छेद? कायको?"

"फ्लश आहे तो, सलीमभाई. पाऊस आत गेलाच तर निघायला वाट नको?"

ठिबकच्या प्रत्येक लाइनीला शेवटी फ्लश असतो. पाणी सुरू करताना टोपण काढायचं, ते शर्टाच्या खिशात टाकायचं, गाळ वाहू द्यायचा, अन् स्वच्छ पाणी आलं की टोपण परत लावायचं. तीस वर्षं दिवसातून दहादा हेच केलंय. फ्लश नसलेला पाइप मला नागडा वाटतो.

मग परीक्षा घेतली. इंजिन चालू केलं, सलीमभाई टपावर चढले अन् टोपीचं तोंड दोन्ही तळहातांनी घट्ट दाबलं. इंजिन गुदमरलं, घरघरलं, बंद पडलं. म्हणजे दुसरीकडून कुठूनच हवा येत नव्हती, सांधे पक्के. मी रस्त्यावर टाळ्या वाजवल्या. समोरचा कापडवाला बाहेर येऊन बघायला लागला की यांची गाडी बंद पडली अन् हे नाचतायत काय!

फुलंब्रीच्या पुढं

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. गुलमंडीतून मंगलला लुगडं घेतलं होतं, हिरवंच. बायकोनं ज्वारीच्या लाह्या डब्यात भरून दिल्या. सलीमभाई स्वतःहून आले. "सोंड माझीबी हाय, मी बघणार," म्हणाले अन् आपला चहाचा थर्मास घेऊन पुढं बसले.

फुलंब्रीच्या पुढं रान बघावं ते श्रावणात. मका डोक्याएवढा, मध्येच आल्याचे हिरवेगार पट्टे, अन् डोंगरावर ढग टेकलेले. शहरात पाऊस म्हणजे तुंबलेली गटारं. इथं माणसं पावसात थांबून एकमेकांची चौकशी करतात. सलीमभाईंना ते सगळं बघायचं होतं. मला फक्त नदी दिसत होती.

"जरा आहिस्ता. मोर था उधर."

"मोर कुठं जात नाही. येताना बघू."

"येताना तो बसून राहील काय तुमच्यासाठी?"

वाटेत जिथं गाडी हळू झाली तिथं माणसं सोंडेकडं बघत होती. एका टपरीवाल्यानं विचारलं, "पाव्हणं, हे धुराडं हाय का?" सलीमभाई गंभीर होऊन म्हणाले, "नाय हो. गाडीला दमा हाय." तो माणूस मान हलवत आत गेला. त्याला ते खरंच वाटलं असणार.

पिशोर

पिशोरला बाजार भरला होता. पंचमीचा बाजार म्हणजे बांगड्यांची दुकानं, मेंदी, लाह्या-फुटाणे अन् माहेरी आलेल्या लेकींची गर्दी. प्रत्येकीबरोबर कुणी भाऊ, कुणी बाप. मला ते बघून आणखी घाई सुटली. सलीमभाईंनी गरम भजी सांगितली. मी एक भजं तोंडात टाकलं, जीभ भाजली अन् उठलो. रात्रभर पाऊस होता, सोंडेत पाणी साचलं असेल तर काढावं म्हणून वाकून फ्लशचं टोपण काढलं. पाणी आलं नाही. कोरडं ठाक. माझी छाती फुगली. सलीमभाईंची टोपी एवढी झकास!

तेवढ्यात फोन वाजला. मंगलचे सासरे, रामराव. आम्ही एकमेकांना व्याही म्हणतो.

"व्याही, पुलावर पाणी हाय बरं का. घाई करू नका. पिशोरातच भजी खा निवांत."

"पाण्याचं सोडा. मी आलोच!"

"आवो पण..."

मी फोन ठेवला, सलीमभाईंच्या हातातला भज्यांचा कागद तसाच गाडीत टाकला अन् निघालो.

अंजना

नदी आधी ऐकू आली, मग दिसली. फरशी पूल म्हणजे नदीच्या पात्रातच बांधलेला ठेंगणा रस्ता, कठडा नाही, फक्त कडेला दगड. त्यावरून गढूळ पाणी चाललं होतं. कडेच्या दगडांची डोकी तेवढी दिसत होती. अल्याड वीस-पंचवीस माणसं बसलेली. कुणी शेंगा सोलतंय, एक म्हातारी गोधडीला टाके घालतेय, दोघं पटावर सोंगट्या खेळतायत. पट घरून आणलेला! पाणी उतरेपर्यंत काय करायचं हे ठरवूनच माणसं तिथं येतात.

एकानं जागा करून दिली. "बसा की पाव्हणं. दोन घंट्यात उतरतंय."

"मला बसायचं नाही. माझ्या गाडीला सोंड आहे."

"सोंड असंल. पाण्याला कुठं ठाऊक हाय?"

सगळे हसले. सलीमभाई माझा हात धरून म्हणाले, "भाऊ, दोन घंटे की बात है. रुको." पण पल्याड मंगल दिसली होती. हातात तीच पिशवी. गेल्या वर्षीचं सगळं तसंच डोळ्यांपुढं आलं अन् माझं डोकंच फिरलं. म्हटलं, यंदा तिच्यासमोर परत फिरलो तर बाप म्हणवून घ्यायची लाज. आता शहाणपणानं सांगतो, वाहतं पाणी असलं की कुणीही असं जाऊ नये. मी मूर्खपणा केला. सलीमभाई मला एकट्याला सोडायला तयार नव्हते म्हणून त्यांनाही त्यात ओढलं.

गाडी घातली. पहिल्या गिअरमध्ये, हळू. पाणी चाकांच्या वर आलं, मग दिव्याला लागलं. इंजिन मस्त चाललेलं. मी ओरडलो, "बघा सलीमभाई, बघा!" अर्धा पूल गेला. आणि इंजिनानं एक घोट घेतला. तो आवाज मी विसरणार नाही. दुसरा घोट, एक धक्का, अन् शांत. नुसतं पाणी वाजत होतं.

माझा हात किल्लीकडं गेला. सलीमभाईंनी तो पकडला. "सेल नक्को मारू! पाणी पी गया इंजिन. मारला तर फुटेल."

"पण पाणी गेलंच कुठून? सांधे पक्के होते. तुम्हीच दाबून बघितलं होतं!"

दारातून पाणी आत यायला लागलं. गाडी जड, म्हणून हलली नाही. पल्याड गलका झाला. मंगल पुढं आली, पाण्याच्या काठापर्यंत. काहीतरी ओरडत होती, पाण्याच्या आवाजात कळेना. मग तिनं पिशवी खाली टाकली अन् डाव्या छातीवर हात थोपटला. परत थोपटला. मला वाटलं, पोरीच्या छातीत दुखतंय. मग तिनं माझ्याकडं बोट दाखवलं अन् पुन्हा छाती थोपटली.

मी माझ्या शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

आत टोपण होतं.

मी ते काढून बघतच राहिलो. स्वच्छ पाणी आलं की टोपण लावायचं, हा माझ्या हातांचा नियम. पिशोरला पाणी आलंच नाही, त्यामुळं हातांना लावायची आठवणच झाली नाही. फ्लश उघडा ठेवून मी गाडी नदीत घातली होती. सलीमभाईंनी टोपणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "बोला था मैं. कायको छेद?" अन् थर्मास उघडून चहा ओतला. कमरेपर्यंत भिजलेला माणूस नदीच्या मधोमध चहा पितोय! मला हसू येईना, रडू येईना.

रामरावांनी पल्याडून ट्रॅक्टर लावला. दोर तातडीनं मिळेना, तेव्हा बायांनी पंचमीच्या झोक्यासाठी आणलेला नवा दोर दिला. त्या दोरानं माझी गाडी ओढून काढली. मुराळी लेकीच्या गावात असा आला.

खापरवाडी

मंगल लहानपणी माझ्याबरोबर रानात यायची. मी लाइनीच्या या टोकाला असलो की ती त्या टोकाला फ्लश धरून उभी. टोपण हरवलं की तीच ओरडायची, "आप्पा, खिसा बघा!" लांबून ठिबकचा पाइप दिसला तेव्हाच तिला कळलं होतं की आप्पानं याला खाली फ्लश ठेवला असणार.

मी गाडीतून उतरलो तशी आधी ती हसली. खूप हसली. वर्षभरानं मी तिचं हसू ऐकत होतो. मग एकदम रडायला लागली अन् जे बोलली ते मला अजून ऐकू येतं.

"वाहून गेला असता म्हंजी? काय गरज होती?"

"मागच्या साली मी पाण्याला भिऊन परत गेलो, म्हणून तू रुसलीस ना? यंदा म्हटलं काहीही होवो..."

"पाण्याला भिलात म्हणून कोण रुसलं? पाण्याला समदेच भितात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मागच्या साली तुम्ही गेलात अन् दोन घंट्यांत पूल मोकळा झाला. मी तिथंच उभी होते. मला वाटलं, आप्पा तिकडं चहा पीत असतील, येतील. मी अर्ध्या पुलापर्यंत चालत आले, आप्पा. पल्याड कुणीच नव्हतं."

मला हे ठाऊकच नव्हतं. वर्षभर मी पाण्याला दोष देत होतो. दोन महिने खपून सोंड बनवली, अन् पोरीला हवे होते ते दोन तास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो तर हात चिखलाचा होता. तिनं तो तसाच धरला.

दुसरा दिवस पंचमीचा. मी सकाळीच पिशोरच्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "आज काय बी होणार नाय. पंचमीला पान्याला हात लावत नाय मी." शहरात आम्ही चिरायचं नाही, तळायचं नाही, एवढंच पाळतो. इथं नांगर नाही, कुदळ नाही, तवा नाही, पाना नाही. सगळं गाव रिकामं बसतं. माझ्यासारख्याला ती शिक्षाच. मी गोठ्यात गेलो, परत आलो. रामरावांची मोटार बघायला निघालो तर त्यांनी धोतराचा सोगा सावरत वाट अडवली.

"व्याही, बसा. बसायला फिटर लागत नाय."

मग मंगलनं वाफेवरची पुरणाची दिंडं आणली, वर तुपाची धार. सलीमभाईंनी चार खाल्ली अन् म्हणाले, "अशी पंचमी असेल तर गाडी दर साली डुबवा." दुपारी बायांनी तोच दोर धुऊन लिंबाला झोका बांधला. मंगल उभी राहून उंच गेली. मी पारावर बसून बघत होतो. चार वेळा उठलो, हे खरं. पण पारावरून खाली नाही उतरलो.

परत

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. इंजिनाचे नोझल काढले अन् हातानं फिरवलं तर पाण्याची चूळ उडाली, नेमकी सलीमभाईंच्या धुतलेल्या सदऱ्यावर. तेल बदललं, फिल्टर वाळवला. नशीब थोर, आतलं काही वाकलं नव्हतं. गाडी सुरू झाली. फ्लशचं टोपण मंगलनं स्वतः बसवलं अन् वरून चिकटपट्टीचे सात वेढे दिले.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. नदीवर आलो तर वर कुठंतरी पाऊस झालेला. पुलावर पाणी. या वेळी कमी होतं, पोटरीएवढं.

सलीमभाई म्हणाले, "इतने में तो बिना सोंड के बी निकलेगी. अन् आता सोंड पक्की हाय. जाएँगे?"

मंगल पिशवी मांडीवर धरून समोर बघत होती.

मी किल्ली काढली अन् तिच्या हातात दिली.

बसलो. काठावरच्या माणसांनी जागा करून दिली. सलीमभाई इकडच्या सोंगट्यांच्या पटाला जाऊन भिडले. मी पाय हलवले, बोटं मोडली, पाण्यात एक काडी रोवून ती किती उघडी पडते ते बघत राहिलो. उठलो, मंगलनं बघितलं, बसलो. तिनं लाह्यांचा डबा उघडला. मग सासूची, शेजारच्या बाईची, नव्या शेळीची गोष्ट सांगायला लागली. वर्षभराचं साठलेलं. मी किती वेळ ऐकत होतो कुणास ठाऊक, कारण फरशी उघडी पडल्याचं मला सलीमभाईंनी हाक मारून सांगितलं.

मी गाडीकडं निघालो तर मंगलनं किल्ली दिली अन् म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी चालत येते."

मला कळलं. गाडी पल्याड नेली, बंद केली, खाली उतरलो. ती पुलाच्या मधोमध आली अन् तिथं थांबली. हिरवं लुगडं, हातात पिशवी. तिनं मान वर करून पल्याड बघितलं.

मी उभा होतो.